साखरपुड्याचं पाकीट कुणाच्या नावानं लिहायचं? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात साखरपुड्याच्या कार्डात मजकूर काय छापावा यावर दोन पत्रांना उत्तरं दिली होती. त्यानंतर जी पत्रं आली त्यात मजकुराचं कुणी विचारलंच नाही, सगळ्यांचं घोडं अडलंय ते पाकिटावर. आणि बरोबरच आहे, छापलेला मजकूर सगळ्यांना सारखाच जातो पण पाकिटावरचं नाव त्या एकाच घरासाठी हातानं लिहिलेलं असतं, आपल्याकडे तर पाकीट हातात पडलं की आतलं कार्ड नंतर उघडतात, आधी नाव बघतात. म्हणून यावेळी फक्त पाकीट. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतली पत्रं आहेत, एक सुरतचं आहे. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न: ताई, मुलीचा साखरपुडा आहे, हॉल दीडशे माणसांचा आहे. हे म्हणतात सगळ्या पाकिटांवर "सहकुटुंब सहपरिवार"चा शिक्का मारून टाकू, तसा रबरी शिक्का घरात आहेच, जाऊबाईंच्या मुलाच्या लग्नात बनवलेला. पण तसं केलं तर तीनशे माणूस होईल. आणि नाही लिहिलं तर लोक म्हणतील एकट्यालाच बोलावलं. काय करू?
(एक वहिनी, अमळनेर)

उत्तर: वहिनी, तो शिक्का लग्नासाठी जपून ठेवा, आत्ता काढू नका. आपल्याकडे "सहपरिवार" कुणी शोभेसाठी लिहिलंय असं समजत नाही, ते चूलबंद आवतन म्हणूनच वाचलं जातं, म्हंजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटणार नाही, आजीपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत सगळे तुमच्या पंगतीला. आणि ते आले तर त्यात त्यांची काय चूक, तुम्हीच तसं लिहिलंय ना. शेवटच्या पंगतीला पुऱ्या संपल्या, केटररला फोन लावा, पोरांना गाडीवर पिटाळा, ही सगळी पळापळ पाकिटं लिहिली त्या दिवशीच ठरलेली असते.

मुळात साखरपुडा म्हंजे दोन्हीकडची दहा-पंधरा जाणती माणसं बसायची, सुपारी फुटायची, मुलीला कुंकू लावून साडी द्यायची, साखर वाटायची, झालं. आता हॉल आला, स्टेज आलं, अंगठ्या आल्या, ड्रोनवाला पण येतो, त्यामुळे लोकांनाही कळत नाही की हे घरगुती आहे का लग्नाएवढंच मोठं आहे. ते त्यांना तुमच्या पाकिटावरून कळलं पाहिजे.

मग असं करा. पाकिटं हातात घ्यायच्या आधी एका वहीत यादी करा आणि प्रत्येक नावापुढे आकडा टाका, या घरून दोन, या घरून पाच, या घरून एक. बेरीज दीडशेच्या वर गेली तर काटछाट वहीत करा, नंतर हॉलच्या दारात होत नाही. ज्यांना जोडीनं बोलवायचंय तिथे नवरा-बायको दोघांची नावं लिहा, "श्री. व सौ." आणि पुढे फक्त त्याचं नाव असं नको, दोघांची. मुलंही हवी असतील तर मुलांची नावं लिहा, चि. अमुक, कु. तमुक. नावं माहीत नसली तर फोन करून विचारा, कुणाला राग येत नाही, उलट बरं वाटतं. सख्खे मामा, फुई (म्हंजे आत्या), मावशी, सख्खे काका, शेजारचं घर, इथे बिनधास्त सहपरिवार लिहा.

भाऊबंदकीचं मात्र वेगळं आहे. तिथे घरटी एक माणूस बोलवायचा असेल तर पाकिटावर कर्त्या माणसाचं नाव लिहायचं आणि बाकीचं तोंडानं सांगायचं, "अप्पा, हॉल लहान आहे, साखरपुड्याला तुम्ही या, लग्नाला चूलबंद आहे." हे बोलायला जड जातं हे मला माहितीये, पण समोर बसून चहा घेता घेता सांगितलेलं लोक समजून घेतात, तेच लिहून पाठवलं की डोक्यात जातं. त्यामुळे पाकिटावर "फक्त १ व्यक्ती", "फक्त २" असं काही लिहू नका, कितीही बारीक अक्षरात लिहिलं तरी तेच आधी दिसतं.

प्रश्न: आमच्या गावात निम्मे घरं पाटील. त्यात सुभाष पाटील नावाचे चार. मागच्या वर्षी पुतण्याच्या वेळेस एक पाकीट भलत्याच सुभाष पाटलांकडे गेलं, ज्यांना द्यायचं होतं ते अजून आमच्याशी बोलत नाहीत. गावात आम्ही त्यांना कंडक्टर, टेलर, काळा सुभाष असंच ओळखतो. पाकिटावर तसं लिहिलं तर चालतं का?
(चोपडा तालुका)

उत्तर: दादा, काही चालतं आणि काही अजिबात चालत नाही.

आधी पूर्ण नाव, म्हंजे वडिलांच्या नावासकट. चार सुभाषांचे वडील तर चार वेगळे आहेत, अर्धा गोंधळ तिथेच संपतो. मग गल्ली किंवा खूण, मारुतीच्या पाराजवळ, जुन्या ग्रामपंचायतीमागे, मळ्यात राहत असतील तर मळा. आणि तुमच्या घरात त्यांना ज्या नात्यानं हाक मारतात ते नाव, नाना, अप्पा, बापू, जिभाऊ, तात्या, जे असेल ते. "श्री. सुभाष नाना" वाचलं की माणसाला कळतं हे पाकीट यादी बघून नाही, मला बघून लिहिलंय.

धंद्याचं नाव चालतं. मास्तर, कंडक्टर, टेलर, डेअरीवाले, ही नावं त्या माणसानं पंचवीस-तीस वर्षं राबून कमावलेली असतात, रिटायर झाल्यावरही लोक त्याच नावानं हाक मारतात आणि त्यांना ते आवडतं. नावाखाली छोट्या अक्षरात लिहा, "कंडक्टर अप्पा". पण रंगावरून, चालण्यावरून, तोतरेपणावरून, स्वभावावरून पडलेली नावं पाकिटावर कधीच नको. तो माणूस चावडीवर त्या नावाला हसत असेल, ओ देत असेल, तरी नको. ते पाकीट त्याच्या सुनेच्या हातात पडणार आहे, नातवंडं मोठ्यानं वाचणार आहेत, जावई आलेला असला तर तो बघणार आहे. चावडीवर जे चालतं ते त्याच्या घरात लेखी नेऊन ठेवायचं नाही.

आणि ते रुसलेले सुभाष नाना. यंदाच्या पाकिटाची वाट बघू नका, त्याआधी एकदा नुसते जाऊन या, पाकीट न घेता. काय झालं ते सरळ सांगा, पाकीट चुकून दुसऱ्या घरी गेलं. मग महिन्याभरानं गावातलं पहिलं पाकीट त्यांच्याकडे न्या, आणि पोराच्या हाती देऊ नका, तुम्ही स्वतः जा.

प्रश्न: मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली. शेत मी बघितलं, केळी लावली, व्यापाऱ्यांशी भांडले, मुलाला इंजिनियर केलं. आता त्याचा साखरपुडा आहे. दीर म्हणतात निमंत्रक म्हणून माझं नाव टाका, बाईच्या नावानं आवतन जात नाही, त्यात तुमच्या. "तुमच्या" म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत. दुसरं असं की माझ्या दोन मावश्या आणि एक नणंद माझ्यासारख्याच आहेत, त्यांच्या पाकिटावर गं. भा. (गंगा भागीरथी) लिहायचं का श्रीमती?
(यावल तालुका)

उत्तर: काकू, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

निमंत्रक म्हणून तुमचं नाव, आणि पहिलं. मुलगा तुमचा आहे, बोलावणाऱ्या तुम्ही आहात, खर्च तुम्ही करताय, त्याला इथवर तुम्ही आणलंय. बाईच्या नावानं आवतन जात नाही असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही आणि कुठल्या कायद्यात तर नाहीच. उलट आता सरकारनंच नियम केलाय की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव कागदोपत्री लिहिताना आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव. शाळेच्या कागदावर आईचं नाव चालतं आणि साखरपुड्याच्या कार्डावर चालत नाही, हे मला काही पटत नाही.

मिस्टरांचं नाव मुलाच्या नावात येतंच, शिवाय वर "कै." लिहून आशीर्वादाची एक ओळ छापा, तुमच्या मनाला बरं वाटेल आणि नात्यातल्या म्हाताऱ्या माणसांनाही. दिरांचं नाव तुमच्या नावाखाली, "आपले विनीत" म्हणून, जाऊबाईंच्या नावासकट, मानानं छापा. त्यांना सांगताना वाद घालू नका, फक्त एवढं म्हणा, "भाऊ, हॉलच्या दारात पाहुण्यांना हात जोडायला तुम्हीच उभं राहायचंय, मी आत असेन, पण बोलावणं माझ्या नावानं जाईल." बरेचदा दिरांना आपला मान राहतो का नाही याचीच भीती असते, तो दिला की नावाचा हट्ट आपोआप सैल होतो. नाही झाला तरी तुम्ही नाव बदलू नका.

आता गं. भा. माझं मत स्पष्ट आहे, लिहू नका. दोन अक्षरं दिसायला लहान आहेत पण ती वाचणाऱ्या बाईला दारातच सांगतात की आम्ही तुला आधी काय म्हणून ओळखतो. पुरुषाची बायको गेली तर त्याच्या श्री. मध्ये काही बदल होत नाही, तो श्री. चा श्री. राहतो, मग बाईच्याच नावापुढे तिचं दुःख कशाला चिकटवायचं. एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवाऐवजी गंगा भागीरथी म्हणावं अशी सूचना पत्रातून मांडली होती, त्यावर राज्यभर बायकांनी एवढी टीका केली की तो फक्त चर्चेसाठीचा मुद्दा होता, निर्णय नाही, असा खुलासा त्यांना करावा लागला. म्हंजे हे खटकणाऱ्या तुम्ही-मी एकट्या नाही.

श्रीमती त्यापेक्षा बरं, सरकारी कागदावर चालतं, पण आपल्याकडे गावात श्रीमती वाचलं की लोक तोच अर्थ लावतात. मग सोपा उपाय, काहीच उपाधी लावू नका, नातं लावा. "आदरणीय मावशी" आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव. "नणंदबाई" किंवा तुम्ही ज्या नावानं त्यांना हाक मारता ते, आक्का, ताई, आणि पुढे पूर्ण नाव. यात काहीच कमी पडत नाही. मावशी मुलाकडे राहत असल्या तर पाकिटावर मुलाचंच नाव टाकून मोकळं व्हायचं ही जी सवय लागलीये ती पण मोडा, आधी मावशींचं नाव, मग मुलगा-सून.

एक मात्र आहे. एखाद्या म्हाताऱ्या मावशीनं स्वतःच सांगितलं की बाई माझ्या नावाआधी गं. भा. लिही, मला तेच बरं वाटतं, तर लिहा. नाव तिचं आहे, तिनं ठरवायचं, तिच्या पोरांनी नाही आणि मी पण नाही.

आणि काकू, पाकिटावर मान दिला आणि हॉलमध्ये कुंकू लावायच्या वेळेस याच बायकांना मागच्या खुर्च्यांवर बसवलं तर पाकिटाचा काय उपयोग. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, कार्यात मागे ठेवणं हे सगळं बंद, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. तुमच्या घरात ठराव-बिराव काही लागत नाही. होणाऱ्या सुनेला पहिलं कुंकू तुम्ही लावा. दुसरं नणंदबाईंना लावायला सांगा. कुणी कुजबुजलं तर कुजबुजू दे, तुमच्या सुनेनं ते बघितलेलं असेल आणि तिला कळेल ती कुठल्या घरात येतेय.

प्रश्न: माझी बहीण शहाद्याला दिलीये. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ती माहेरी येणारच आहे, तेव्हाच तिच्या हातात पाकीट देऊन टाकलं तर एक चक्कर वाचेल, ऊन तर तुम्ही बघताच आहात. मागच्या कार्याला तिनं पाकीट बघून सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "पाकिटवर मनं नावच नई शे", म्हंजे माझं नावच नाही. म्हणून विचारतो, नाव तिचं लिहू का भाऊजींचं?
(शिरपूर)

उत्तर: भाऊ, चक्कर वाचवू नका. आखाजीला लेकी माहेरी येतात त्या झोक्यावर बसायला, गाणी म्हणायला, चार दिवस कुणाची सून नसायला. त्या दिवसांत तिच्या हातात सासरचं पाकीट दिलं की तुम्ही तिला पोस्टमन केलं. परत गेल्यावर सासूबाईंच्या हातात ते पाकीट तीच देणार आणि सासूबाई म्हणणार, तुझ्या भावाला आमच्या दारापर्यंत यायला झालं नाही का. त्यांचं ते म्हणणं चुकीचं नाही. आणि ऐकून घ्यायला ती एकटी असते तिथे.

लेकीला आवतन नसतंच, ती घरचीच आहे, तिला फोन करून कामं सांगायची असतात, साडी कुठून घ्यायची, रुखवताचं काय, हे विचारायचं असतं. आवतन जातं तिच्या सासरच्या घराला. त्यामुळे पाकीट घेऊन शहाद्याला जा, पाकिटावर आधी सासू-सासऱ्यांची दोघांची नावं, त्याखाली भाऊजी आणि बहीण, दोघांची, आणि त्याखाली भाचे-भाच्या. बहिणीचं नाव तिकडचं, पूर्ण, आणि आधी सौ. लिहा. घरातलं लाडाचं नाव लिहू नका, बेबी, ताई, माई, ते तुमच्या माहेरचं आहे, तिच्या सासरी तिला पूर्ण नावानं मान मिळू द्या. मागच्या वेळेस तिला जे लागलं ते हेच आहे.

दीर-जेठ वेगळे राहत असतील, चूल वेगळी असेल, तर प्रत्येक चुलीला वेगळं पाकीट, एकाच वाड्यात असले तरी. इथे काटकसर केली की वीस रुपये वाचतात आणि बहिणीला वर्षभर टोमणे.

उन्हाचं म्हणाल तर पहाटे निघा, आठ-नऊच्या आत तिथे पोचा, चहा घ्या, पाकीट द्या, उन्हाच्या आत परत. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, दुपारी दारोदार पाकिटं वाटत फिरणं हे खरंच जिवावरचं आहे, गावातली पाकिटं पण संध्याकाळी पाचनंतरच वाटा.

प्रश्न: आम्ही सुरतला उधना भागात राहतो, इथे आपले खान्देशी लोक भरपूर. गावाकडून पोस्टानं येणारी कार्डं कार्यक्रम होऊन गेल्यावर मिळतात. कधी पिनकोड नसतो, कधी अख्खा पत्ता मराठीत, एकदा तर कुंकवानं पत्ता लाल झालेला. तुमच्या कॉलममधून गावाकडच्यांना सांगा ना.
(सुरत)

उत्तर: सांगते. मंडळी, नाव मराठीत लिहा, अगदी प्रेमानं लिहा, पण गुजरातमधला पत्ता इंग्रजी अक्षरांत लिहा, सोसायटीचं नाव, प्लॉट नंबर, जवळची खूण, आणि खाली मोबाईल नंबर. पिनकोड ६ आकडी, १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे आणि अजूनही लोक तो सोडून देतात. पहिल्या आकड्यावरूनच चूक पकडता येते, महाराष्ट्राचा पिन ४ नं सुरू होतो, जळगाव ४२५००१, धुळे ४२४००१, आणि गुजरातचा ३ नं. सुरतच्या पाकिटावर ४ नं सुरू होणारा पिन असेल तर तो नक्की चुकलाय. अक्षता कार्डात सुट्ट्या टाकू नका, कागदाच्या छोट्या पुडीत बांधून टाका, कुंकवाचं बोट आतल्या कार्डाच्या कोपऱ्याला लावा, बाहेरच्या पाकिटाला नको. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, त्यामुळे खिडकीवर स्पीड पोस्टच मागा, पावतीवरच्या नंबरवरून पाकीट कुठे आहे ते कळतं. आणि पाकीट टाकलं त्याच दिवशी फोन करा. सुरतच्या माणसाला सुट्टी काढायला, तिकीट बघायला वेळ लागतो, कार्ड मिळेपर्यंत त्याला ताटकळत ठेवू नका.

प्रश्न: मी नंदुरबारची, नोकरीला पुण्यात. माझाच साखरपुडा आहे. बाबा अडीचशे पाकिटं छापतायत, मी म्हणते पीडीएफ करू आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू, कागद वाया, पैसे वाया. रोज यावरून घरात वाद. तुम्ही कुणाच्या बाजूनं?
(नंदुरबार / पुणे)

उत्तर: दोघांच्या थोड्या थोड्या, बेटा. अडीचशे नकोत, पण शून्यही नको. कागदाचं पाकीट लागतं ते कुलदैवताला आणि गणपतीला, मग मामाला, फुईला, दोन्हीकडच्या आजी-आजोबांच्या पिढीला, व्याह्यांना, भाऊबंदातल्या कर्त्या घरांना, आणि ज्या घरात सध्या दुःख झालंय त्या घराला. त्या घरी तर जाऊनच यायचं, येतील का नाही हा प्रश्न वेगळा, पण बोलावणं गेलं पाहिजे. पन्नास-साठ पाकिटांत हे बसतं, बाबांना एवढं पटेल.

बाकी ऑफिस, कॉलेज, पुण्याचे मित्रमैत्रिणी, लांबचे ओळखीचे, यांना व्हॉट्सअ‍ॅप पुरे आहे. फक्त एक करा, ग्रुपवर पीडीएफ टाकून त्याखाली "सर्वांनी यावे" असं लिहू नका. सर्वांनी म्हंजे कुणीच नाही असं लोक धरतात, आणि धरायलाच पाहिजे. एकेकाला वेगळा मेसेज, आणि त्यात पहिल्या ओळीत नाव, ज्या नावानं तुम्ही त्याला हाक मारता ते. "काका, तुम्ही आणि काकू दोघं नक्की या, अथर्वची परीक्षा असेल तर त्यालाही संध्याकाळी जेवायला आणा" असा मेसेज आला की कागदाची आठवण कुणाला येत नाही. ब्रॉडकास्टवर "आदरणीय सर/मॅडम" पाठवलं की मात्र ते बँकेच्या मेसेजखाली जाऊन पडतं.

काकांना, मावशीला मेसेज बाबांच्या किंवा आईच्या फोनवरून जाऊ दे, तुमच्या मैत्रिणींना तुमच्या फोनवरून.

प्रश्न: दोन शंका आहेत. चुलत वहिनी डॉक्टर आहेत, भाऊ दुकान बघतो, तर "श्री. व सौ." लिहिलं तर त्यांना वाईट वाटेल का? आणि मामेबहिणीचा डिव्होर्स झालाय, एक मुलगा आहे. तिला सौ. लिहू का कु.? आई म्हणते नुसतं मामाच्या पाकिटात तिला धरा.
(जळगाव)

उत्तर: वहिनींचं डॉ. पाकिटावर आलंच पाहिजे, त्यांनी ते शिकून मिळवलंय. "श्री. अमुक व डॉ. सौ. अमुक" किंवा डॉ. आधी, दोन्ही चालतं, पण "श्री. व सौ." करून त्यांचं शिक्षणही गेलं आणि नावही गेलं असं व्हायला नको. भावाला राग येईल ही भीती सोडा, दवाखान्याच्या पाटीवर त्यानंच कौतुकानं नाव रंगवून घेतलेलं असणार.

मामेबहिणीला मामाच्या पाकिटात धरू नका. ती कमावती आहे का, कुठे राहते, हे तुम्ही लिहिलं नाही पण तिला मुलगा आहे म्हंजे तिचं एक घर आहे, मामाच्या घरात राहत असली तरी. तिला वेगळं पाकीट, तिच्या नावानं, पुढे सौ. नाही, कु. नाही, श्रीमती पण नाही. नुसतं नाव आणि मागे "ताई". आडनाव ती आज कुठलं लावते ते तिलाच विचारा, फोन करा आणि सरळ विचारा, मामीला मधे घालू नका, मामी रडेल आणि उत्तर मिळणार नाही. त्याखाली "व चि." लिहून मुलाचं नाव. डिव्होर्स झाल्यापासून तिला कितीतरी कार्यांची पाकिटं आलेलीच नसतील, लोकांना काय लिहावं ते सुचत नाही म्हणून लिहीतच नाहीत, आणि मग तीच येत नाही असंही वर म्हणतात. तुम्ही पहिलं पाकीट न्या.

प्रश्न: पाकिटावर मा. सरपंच, माजी पं. स. सदस्य, चेअरमन विकासो (विविध कार्यकारी सोसायटी) असं सगळं लिहायचं का?
(जामनेर)

उत्तर: नातं असेल तर नातं लिहा, पद नको. मामा चेअरमन असला तरी तुमचा मामाच. नातं नसून पदामुळेच बोलावताय तर आत्ताचं एक पद लिहा. माजी पदांची रांग पाकिटावर नको, जागा पत्त्याला ठेवा.

प्रश्न: मुलाकडच्या पाहुण्यांना पाकिटं आम्ही लिहायची का त्यांनी? कार्यक्रम आमच्याकडे आहे, खर्च आमचा आहे.
(पारोळा)

उत्तर: खर्च तुमचा असला तरी त्यांच्या पाहुण्यांची नावं तुम्ही लिहू नका. कुणाची चूल वेगळी झालीये, कुणाशी बोलणं नाहीये, कुठला मामा आधी आणि कुठला नंतर, हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही, आणि एक नाव खालीवर झालं की ते तुमच्या मुलीच्या माथी येतं. त्यांना फोन करून आधी विचारा, तुमच्याकडून किती माणसं येतील, आकडा पक्का करा, हॉलचं माप सांगा, लाजू नका. मग तेवढी कार्डं आणि कोरी पाकिटं त्यांच्याकडे पोचवा.

व्याह्यांचं स्वतःचं पाकीट मात्र तुम्ही लिहायचं, आणि चांगल्या अक्षरात लिहायचं, घरात ज्याचं अक्षर चांगलं असेल त्याच्याकडून. व्याही आणि विहीणबाई दोघांची पूर्ण नावं, मुलाच्या आजी-आजोबांची वर, मुलाचं नाव चि. लावून खाली. "मुलाकडील मंडळी" असं ढोबळ काही नको. पाकीट, नारळ आणि साखर घेऊन तुम्ही दोघं जोडीनं जा, आणि विहीणबाईंच्या हातात द्या, व्याह्यांच्या नाही. शाईच्या पेनानं लिहिलं असेल तर नीट वाळू द्या, मगच पिशवीत ठेवा, उन्हाळ्यात हाताच्या घामानं नाव पसरतं. कोरी पाकिटं मागितली त्यापेक्षा दहा-पंधरा जास्त द्या, लिहिताना त्यांचीही खराब होतात आणि पुन्हा मागायचा त्यांना संकोच वाटतो.